अमेरिकी फौजेत जायचंय, पण ग्रीन कार्ड अजून यायचंय

देवळाली कॅम्पचे एक निवृत्त हवालदार आणि त्यांच्या पत्नी संध्याकाळी आमच्या ऑफिसात आले. मागणी एकच. "मुलीला अमेरिकन आर्मीत भरती व्हायचंय. आपल्या आर्मीचा ना हरकत दाखला काढून द्या."

नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाच्या आसपास परदेशी कागदपत्रांचं काम करणाऱ्या आम्हा लोकांकडे पीसीसी (पोलिसांचा चारित्र्य दाखला), विवाह नोंदणी, भाषांतर असली कामं येतात. ही मागणी नवीन होती. असा दाखला कोणी देत नाही आणि अमेरिका मागतही नाही. तिथल्या पार्श्वभूमी तपासणीच्या फॉर्मात मात्र जवळच्या नातेवाइकांचा परदेशी लष्कराशी संबंध विचारतात. वडील तोफखान्यात होते हे तिथे सरळ लिहायचं. लपवलं आणि नंतर सापडलं, तर मूळ गोष्टीपेक्षा लपवणं जड जातं.

मग मुलीला व्हिडिओ कॉल लावला. टेक्सासात तेव्हा सकाळ होती. तिची स्थिती अशी : नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची बीएस्सी नर्सिंग, शिक्षणासाठी अमेरिकेला गेली, तिथेच अमेरिकन नागरिकाशी लग्न. नवऱ्याने बायकोसाठीचा आय-१३० आणि तिने ग्रीन कार्डचा अर्ज आय-४८५ एकत्र भरलेले. वर्क परमिट हातात, ग्रीन कार्ड प्रलंबित. भरती केंद्रातल्या माणसाने "कार्ड आल्यावर या" म्हणून परत पाठवलं होतं. पण ओळखीतल्या एका एजंटने आई-वडिलांना फोनवर सांगितलं होतं, की नागरिकाच्या बायकोला वर्क परमिटवरही घेतात, फक्त थोडे पैसे लागतील.

भरती केंद्रातला माणूस बरोबर होता. अमेरिकी संघीय कायद्याच्या दहाव्या शीर्षकातलं कलम ५०४ कोणाला घेता येईल ते ठरवतं : नागरिक, कायम रहिवासी (म्हणजे ग्रीन कार्डवाले), आणि मायक्रोनेशिया, मार्शल बेटं व पलाऊ या तीन देशांचे लोक. नागरिकाची बायको अशी वेगळी वर्गवारी त्यात नाही. तिच्या वर्क परमिटवर सी-०९ हा कोड होता. त्याचा अर्थ रहिवासाचा अर्ज प्रलंबित आहे, एवढाच. त्यावर हॉस्पिटलात नोकरी करता येते, फौजेत नाही.

एजंटची गोष्ट अगदी हवेतली नव्हती, म्हणूनच लोक फसतात. त्याच कलमात राष्ट्रहितासाठी अपवाद करायची सोय आहे. तिच्या आधारावर मावनी नावाची योजना निघाली होती. ग्रीन कार्ड नसलेल्या, पण कायदेशीर व्हिसावर राहणाऱ्या डॉक्टर-नर्सना आणि ठरावीक भाषा जाणणाऱ्यांना त्यातून घेतलं. २०१६ पासून त्यात नवे अर्ज घेणं बंद आहे. जुने व्हिडिओ मात्र फिरत राहतात. आणि तिथे भरती व्हायला एक डॉलरही लागत नाही. जो पैसे मागतो तो भरतीवाला नाहीच.

याहून वाईट सल्ला दुसरा होता : फॉर्मवर "अमेरिकन नागरिक" या चौकटीत खूण कर, पुढचं बघू. हे ऐकल्यावर मी मुलीला दोनदा विचारलं, कुठे सही तर केली नाहीस ना? नव्हती केली. नागरिक असल्याचा खोटा दावा हा त्यांच्या इमिग्रेशन कायद्यात जवळजवळ कायमचा अडसर आहे. त्यानंतर नवरा नागरिक असूनही कार्ड मिळत नाही, आणि या दोषाला माफीची वाटही बहुतेकांना नसते.

कार्ड आल्यावर काय, हा पुढचा प्रश्न. मंजुरीच्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर दोन वर्षांचं सशर्त कार्ड मिळतं. कायद्याने तोही कायम रहिवासच, पण मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत ती अट काढायचा अर्ज, आय-७५१, भरावा लागतो आणि तो विसरायची सोय नाही. भरती झाली तरी सक्रिय सेवेत नर्स म्हणून थेट अधिकारी होता येणार नाही. तिथे नर्स कोअर, म्हणजे लष्करी नर्सचं दल, अधिकाऱ्यांचं आहे, आणि सक्रिय सेवेत अधिकारी व्हायला नागरिकत्व लागतं. सुरक्षा मंजुरी लागणारी कामंही नागरिकांनाच. म्हणजे कार्डधारकाने शिपाई म्हणून जायचं, नागरिकत्व घ्यायचं, मग पुढे सरकायचं.

नागरिकत्व मात्र लवकर होतं. नागरिकाच्या जोडीदाराला एरवी कार्डानंतर तीन वर्षं थांबावं लागतं. ११ सप्टेंबर २००१ पासूनचा काळ तिथे युद्धकाळ धरलेला असल्याने सेवेतल्या माणसाला ती अट लागू नाही. नागरिकत्वाच्या अर्जाची, एन-४०० ची, फी नाही, लष्कराकडून एन-४२६ या फॉर्मवर सन्माननीय सेवेचं प्रमाणपत्र लागतं. पण करार साधारण आठ वर्षांचा असतो, सक्रिय आणि राखीव मिळून. आणि एकूण पाच वर्षं सन्माननीय सेवा होण्याआधी वाईट शेऱ्यानिशी काढलं, तर सेवेतून मिळालेलं नागरिकत्व काढूनही घेता येतं. ही बारीक अक्षरातली गोष्ट भरतीच्या पोस्टरवर नसते.

इथवर हवालदारसाहेब खुशीत ऐकत होते. मग मी ओसीआयचं, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळणाऱ्या कार्डाचं सांगितलं.

अमेरिकन नागरिकत्व घेतलं, की आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे भारतीय नागरिकत्व संपतं, पासपोर्ट परत करायचा. इथवर सगळ्यांना माहीत असतं. त्यानंतर बाकीचे लोक ओसीआय कार्ड काढतात आणि आयुष्यभर व्हिसाशिवाय येतात-जातात. पण परदेशी लष्करात असलेल्या किंवा तिथून निवृत्त झालेल्या व्यक्तीला ओसीआय मिळत नाही. नोकरी सोडल्यावरही नाही. दर वेळी व्हिसा.

"म्हणजे देवळालीत स्वतःच्या घरी यायला तिला व्हिसा?" साहेबांनी विचारलं. हो. निफाडकडे त्यांची थोडी शेती आहे, तिचंही विचारून झालं. वारशाने ती मुलीकडे जाऊ शकते, परदेशी नागरिक म्हणून तिला नवी शेतजमीन मात्र घेता येणार नाही. बराच वेळ कोणी बोललं नाही. शेवटी आईच म्हणाल्या, "ते तिचं तिने ठरवायचं." माझंही मत तेच, फक्त ठरवण्याआधी हे माहीत असावं. भरतीच्या माहितीत हे कुठे सापडत नाही, कारण तो आपल्या देशाचा नियम आहे.

मुलीला भावाच्या लग्नाला यायचं होतं. आय-४८५ प्रलंबित असताना अ‍ॅडव्हान्स पॅरोल (परत येण्याची आगाऊ परवानगी) हातात आल्याशिवाय देश सोडला, तर तिच्यासारखीचा अर्ज सोडून दिल्यासारखा धरतात. एच-१ आणि एल-१ या नोकरीच्या व्हिसावाल्यांना वेगळा नियम आहे, तो ऐकून बाकीचे विमानात बसतात. म्हणून मी म्हणालो, त्या परवानगीच्या अर्जाची, आय-१३१ ची, पावती पाठव. तिने सगळ्या पत्रांचे फोटो एकदम पाठवले. पावतीखाली आणखी एक पत्र होतं, जे घरात कोणी नीट वाचलंच नव्हतं.

ती पुराव्याची मागणी होती, आरएफई. जन्मदाखल्यावर बाळाचं नाव नाही. देवळाली कॅन्टोन्मेंटच्या नोंदीत मुलगी, तारीख, आई-वडील सगळं होतं, नावाची जागा कोरी. त्या काळात बारशाआधी नोंद व्हायची आणि नंतर नाव घालायला कोणी जायचं नाही. अशा मागणीला जास्तीत जास्त ८४ दिवस मिळतात, टपालाचे तीन धरून ८७, आणि मुदतवाढ मिळत नाही. बराच काळ आर्मीच्या चौकशीत गेला होता.

मग खरं काम सुरू झालं. नाव नोंदवायचा पहिला प्रयत्न कॅन्टोन्मेंटच्या जन्म-मृत्यू विभागात. त्याला १५ वर्षांची मर्यादा आहे, सरकार मधूनमधून मुदतवाढ देतं, ती चालू आहे का हे विचारूनच अर्ज घेऊन जायचं. पण यावर विसंबायचं नाही. समांतर दुसरा संच : शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचं बोर्डाचं प्रमाणपत्र, आणि जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या दोन वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं. आम्ही मावशी आणि मोठे काका घेतले. प्रतिज्ञापत्रात नातं, जन्माची तारीख आणि ठिकाण, आई-वडिलांची नावं आणि हे आपल्याला कसं माहीत, एवढं हवंच. "मी ओळखतो" एवढ्यावर ते फेटाळलं जातं.

बोर्डाच्या कागदावर आडनाव आधी येतं. तिकडचा अधिकारी तेच पहिलं नाव समजतो, आणि लग्नानंतर बदललेलं मधलं नाव त्यात भर घालतं. म्हणून एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडलं. हेच पुढे भरतीच्या वेळी बारावीच्या मूल्यांकनालाही उपयोगी पडेल. मराठी कागदांच्या भाषांतराखाली भाषांतरकाराने दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर पूर्ण व अचूक आहे असं लिहून सही करायची. नोटरी लागत नाही, तरी लोक तिच्यासाठी हजारो रुपये मोजतात.

आरएफईला उत्तर एकदाच देता येतं. अर्धं आज, अर्धं पुढच्या आठवड्यात असं पाठवलं, तर पहिल्याच पाकिटावर निर्णय होतो. म्हणून मावशींची सही येईपर्यंत संच थांबवला, मग स्कॅन करून मुलीच्या तिथल्या वकिलाकडे पाठवला. मागणीचं मूळ पत्र सगळ्यात वर लावायला सांगितलं. आय-१३१ मंजूर झालेला नव्हता, त्यामुळे भावाच्या लग्नाचं तिकीट काढू नकोस, हेही सांगितलं.