मावशीचं व्हॉट्सॲप खातं परत मिळवताना

मावशीच्या नंबरवरून मेसेज आला: "कशी आहेस? एक अर्जंट काम होतं. माझं पेमेंट अडकलंय, थोडे पैसे पाठवशील का? संध्याकाळी परत करते." खाली ज्याच्या खात्यावर पैसे पाठवायचे ते नाव अनोळखी होतं. पण मला त्याआधीच खटकलं ते वेगळंच. मावशी कधी टाइप करत नाही, ती व्हॉइस मेसेज पाठवते. आणि मला घरच्या नावाने हाक मारल्याशिवाय तिचं वाक्य सुरू होत नाही.

मी तिथेच उलट प्रश्न विचारत बसले नाही, साधा फोन लावला. ज्या ॲपवर संशय आहे त्याच ॲपवर खात्री करून घेता येत नाही. तिथे उत्तर देणारा चोरच असतो, आणि आधीचे एक-दोन मेसेज वाचून तो बोलणं बेमालूम पुढे नेतो. मावशीने फोन उचलला आणि म्हणाली, "अगं, सकाळपासून व्हॉट्सॲप बंद पडलंय माझं."

घडलं होतं ते असं. तिच्या मैत्रिणीच्या नंबरवरून मेसेज आला होता, "चुकून माझा सहा अंकी कोड तुझ्या फोनवर गेलाय, पाठव ना पटकन." मैत्रिणीचं खातं आधीच चोरलेलं होतं. तो कोड मावशीच्याच खात्याचा होता. चोराने स्वतःच्या फोनवर तिचा नंबर टाकला, एसएमएस तिला आला आणि मैत्रीण मागतेय म्हणून तिने तो दिला. अनोळखी माणसाने मागितला असता तर तिने कधीच दिला नसता. या फसवणुकीची सगळी ताकद ओळखीच्या नावात आहे.

मी पहिल्यांदा खात्याला हात लावला नाही. आधी दोघींनी मिळून नातेवाइकांना आणि ओळखीच्यांना फोन केले, तिच्या ग्रुपच्या ॲडमिनना तिचा नंबर तात्पुरता काढायला सांगितलं. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. खातं उद्याही परत मिळेल, पण चोर पैसे मागतो ते पहिल्या काही तासांत. तरीही ग्रुपमधल्या एका काकूंनी पैसे पाठवून झाले होते. त्यांना लगेच बँकेला फोन करायला लावला आणि पोलिसांत तक्रार नोंदवायला सांगितलं. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात सरकायला वेळ लागत नाही, त्यामुळे इथे थोडाही उशीर परवडत नाही.

मग खात्याकडे वळलो. मावशीच्या फोनवर ॲपमध्ये तिचाच नंबर पुन्हा टाकायचा, एसएमएसने येणारा नवा कोड भरायचा. ऐकायला सोपं आहे, पण कोड मागवण्यावर मर्यादा असते. सारखी मागणी झाली की ॲप थांबायला लावतं आणि काउंटर उलटा मोजत राहतो. अशा वेळी घाईने बटण दाबत राहू नये, फोन बाजूला ठेवावा. अखेर कोड आला. तो भरला त्याच क्षणी चोर त्याच्या फोनवरून बाहेर पडला.

पण पुढच्या पडद्यावर पिन मागितला. टू-स्टेप व्हेरिफिकेशनची, म्हणजे एसएमएसच्या कोडशिवाय आपण ठरवलेला पिनही मागण्याची सोय २०१७ पासून सगळ्यांसाठी आहे. मावशीने ती कधी चालू केली नव्हती, म्हणून चोराने स्वतःचा पिन घालून ठेवला. तो माहीत नसेल तर सात दिवस थांबावं लागतं, त्यानंतर पिनशिवाय आत जाता येतं. इंटरनेटवर शोधलं तर "लगेच खातं सोडवून देतो" म्हणणारे भेटतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका. पैसे तरी मागतील, नाहीतर नवा कोड.

त्या काळात मावशीला एकच काळजी खात होती: "माझं सगळं बोलणं वाचलं असेल का गं त्याने?" जुने मेसेज आपल्या फोनवर साठलेले असतात, नुसता नंबर दुसऱ्या फोनवर नोंदवून ते तिकडे जात नाहीत. त्याला दिसले ते ग्रुपमधल्या लोकांचे नंबर आणि त्याच्या ताब्यात असताना आलेले नवे मेसेज. एवढं कळल्यावर तिला धीर आला.

तरी ती स्वतःलाच दोष देत राहिली, आणि याचं मला सगळ्यात वाईट वाटलं. समोर कोण असतं ते तिला सांगितलं. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाच्या २०२३ च्या अहवालात म्हटलंय की म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख लोकांना डांबून ऑनलाइन फसवणुकीची कामं करायला लावलं जात असावं. तिला गाठणारा कुठला होता ते कळलं नाही, पण हा धंदा किती मोठा आहे ते यावरून कळतं. लाजेपोटी लोक गप्प बसतात आणि तेवढ्या वेळात चोर पुढच्या माणसापर्यंत पोचतो. मावशीने मात्र स्वतःहून प्रत्येकाला फोन करून झालेलं सांगितलं.

मुदत संपल्यावर खातं उघडलं. तिच्या लक्षात राहील पण कुणाला सुचणार नाही असा पिन घातला, पिन विसरल्यास उपयोगी पडावा म्हणून ईमेलही जोडला. कोण आपल्याला ग्रुपमध्ये घेऊ शकतं ते "माझे संपर्क" एवढ्यावर आणलं. गुंतवणुकीचे आणि घरबसल्या कमाईचे ग्रुप याच वाटेने माथी मारले जातात.

मग सेटिंगमध्ये "लिंक्ड डिव्हाइसेस", म्हणजे आपल्या खात्याला जोडलेल्या इतर यंत्रांची यादी उघडली. ही यादी मी आता घरातल्या प्रत्येकाच्या फोनवर बघते, कारण इथून होणारी चोरी जास्त घातक आहे. "माझ्या भाचीला मत दे" अशी लिंक येते, पानावर आपला नंबर मागतात आणि आठ चिन्हांचा कोड किंवा क्यूआर दाखवून तो व्हॉट्सॲपमध्ये भरायला सांगतात. भरला की चोराचं यंत्र आपल्या खात्याला जोडलं जातं. आपलं व्हॉट्सॲप बंद पडत नाही, काही बिघडल्याचं जाणवत नाही, आणि या वाटेने जुनं बोलणंही त्याच्यापर्यंत पोचतं. यादीत ओळखीचं नसलेलं यंत्र दिसलं तर त्यावर टॅप करून लॉग आउट करायचं. तिथून पुढचे मेसेज त्याला मिळत नाहीत.