उलटा घड

गेल्या उन्हाळ्यात चोपड्याला मामांच्या ओसरीवर बसून मी त्यांना माझे एक राजकीय व्यंगचित्र दाखवले. निवडणुकीतला एक पुढारी शेतकऱ्याचा केळीचा घड काट्याला टांगून वजन करतो आहे आणि काट्यावर किलोऐवजी मतांचे आकडे आहेत, अशी ती कल्पना होती. ती सुचली त्या रात्री मला आनंदाने झोप लागली नव्हती. मामांनी कागद हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "भाऊ, हाऊ घड त उलटा टांगेल शे."

घड खाली लोंबतो, त्याच्या टोकाला केळफूल असते, पण फण्यांतली केळी मात्र उजेडाकडे वर वळलेली असतात. मी ती हाताच्या बोटांसारखी खाली लोंबती काढली होती. खानदेशात जन्मून केळीचा घड चुकवावा, याची लाज वाटलीच. पण त्याहून जास्त खटकले ते हे, की मामांची नजर पुढाऱ्यापर्यंत पोहोचलीच नाही. ज्याच्या बाजूने मी चित्र काढले होते तोच माणूस घडापाशी अडला होता.

तोपर्यंत मला मिळणारे अभिप्राय दोनच प्रकारचे होते. नातेवाइकांचे "छान आहे", ज्यात चित्राबद्दल काहीच नसते आणि माझ्याबद्दलचे प्रेम तेवढे असते; आणि मित्रांचे "त्यांच्यावर काढलेस, मग यांच्यावर का नाही?", ज्यातही चित्राबद्दल काहीच नसते. एका मित्राने तर कोणत्या पक्षावर माझी किती चित्रे झाली याचा हिशेब ठेवला होता. त्याचे गणित बरोबर होते, परंतु त्या गणिताने माझी एकही रेषा सुधारली नाही.

म्हणून मी विचारण्याची पद्धत बदलली. चित्राखालच्या ओळीवर तळहात ठेवून आता मी समोरच्याला दोनच प्रश्न विचारतो: चित्रात कोण आहे, आणि काय चालले आहे? उत्तर चुकले तरी मध्ये बोलायचे नाही, हा नियम पाळणे मला चित्र काढण्याहून अवघड जाते, कारण हौशी व्यंगचित्रकाराला स्वतःचा विनोद समजावून सांगण्याची अनावर खोड असते आणि वाचकाच्या घरी समजावून सांगायला आपण जाणार नसतो.

याच पद्धतीने अमळनेरच्या एका निवृत्त चित्रकला शिक्षकांना मी पाडळसे धरणावरचे चित्र दाखवले. तापीवरचा हा प्रकल्प वर्षानुवर्षे रखडलेला असल्यामुळे इकडच्या माणसाला विषय सांगावा लागत नाही. अर्धवट भिंतीवरून पाण्याऐवजी भाषण धो धो वाहते आहे, असे मी काढले होते आणि खबरदारी म्हणून 'धरण', 'निधी', 'आश्वासन' आणि 'जनता' अशा चार पाट्याही लावल्या होत्या. सरांनी एकेका पाटीवर अंगठा ठेवून विचारले, "ही काढली तर चित्र पडते का?" एकही पाटी आवश्यक ठरली नाही. आर. के. लक्ष्मण यांचा 'कॉमन मॅन' चौकटीचा कोट आणि धोतर घालून मुकाट्याने उभा असतो, शि. द. फडणीस यांची कितीतरी हास्यचित्रे शब्दांवाचून बोलतात, याची आठवण त्यांनी करून दिली. हे मलाही ठाऊक होते, फक्त कागदावर उतरत नव्हते.

मग त्यांनी मला डोळे किलकिले करून चित्राकडे पाहायला सांगितले. सर्वांत आधी काय दिसते? मला दिसली ती मंडपाची झालर. पुढारी, खुर्ची, भिंत आणि झालर हे सारे मी एकाच जाडीच्या पेनाने सारख्याच निष्ठेने काढले होते. बाळासाहेब ठाकरे यांच्या कुंचल्याची रेषा जाड-बारीक होत जाते आणि त्या जाडीनेच नजर कुठे थांबवायची ते ठरते, हे सरांनी 'मार्मिक'चे जुने अंक समोर ठेवून दाखवले. चेहऱ्यांबाबत त्यांनी एवढेच म्हटले, की चौकातल्या फलकांवरचे फोटो बघून काढू नकोस, तिथे सगळे सारखेच हसतात. सभेत बाजूला बसून माणूस उपरणे कसे सावरतो ते पाहा.

आईचा अभिप्राय वेगळाच होता: "नाव टाकू नकोस." 2012 साली असीम त्रिवेदी यांना व्यंगचित्रांवरून मुंबईत अटक झाली होती, हे तिच्या लक्षात आहे. ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराबद्दल अटक करू देणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66-अ सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये रद्द केले, असे मी तिला सांगितले. परंतु तिची भीती न्यायालयाची नव्हतीच, ती गल्लीची होती. ज्याच्यावर चित्र काढले त्याच्याच घरच्या हळदीकुंकवाला तिला जायचे असते. व्यंगचित्रकार शंकर यांच्या साप्ताहिकाच्या प्रारंभी, 1948 साली, नेहरूंनी आपल्यालाही सोडू नका असे त्यांना म्हटल्याचे सांगतात. आमच्या प्रभागातून असा निरोप अद्याप आलेला नाही. सही मी करतो, थोडी लहान.

दिवाळीत घड सुलटा करून, रेषा जाड-बारीक करून, ओळीवर तळहात ठेवून चित्र पुन्हा मामांपुढे धरले. या वेळी ते पुढाऱ्यापर्यंत गेले, काट्यापर्यंत गेले आणि त्यांनी विचारले, "हाऊ आकडा भावना शे का मतस्ना?" (अहिराणीत 'भावना' म्हणजे भावाचा, दराचा, आणि 'मतस्ना' म्हणजे मतांचा; हा श्लेष मला आयुष्यात सुचला नसता.) नियमाप्रमाणे मी गप्प राहिलो. मामांनी स्वतःच ठरवले की आकडा भावाचाच असणार, कारण इतका कमी आकडा दुसऱ्या कशाचा असेल, आणि ते मोठ्याने हसले. घरी आल्यावर काट्याखाली बारीक अक्षरात लिहिलेला 'मते' हा शब्द मी खोडून टाकला.