तुम्ही विचारलंत म्हणून: गरम झाली की गाडी का रुसते?

"सकाळी एका झटक्यात चालू होते हो, पण पेट्रोल भरायला दहा मिनिटं थांबलो की काही केल्या घेत नाही, कार्ब्युरेटर बदलू का?" इकडे डॅलसला ज्यांना ज्यांना साठ-सत्तरच्या दशकातल्या व्ही-८ (आठ सिलिंडरच्या) दणकट अमेरिकन मसल कारचा नाद आहे ते दर उन्हाळ्यात मला हेच विचारतात. नका बदलू. आधी एवढंच सांगा, चावी मारल्यावर इंजिन नीट फिरतंय पण पेटत नाही, की मरगळल्यासारखं घर्र... घर्र... करून थांबतंय? हे दोन वेगळे आजार आहेत. आणि तपासायचं ते तिथेच, पार्किंगमध्ये, गाडी रुसलेली असताना. तासाभराने ती आपोआप चालू होते आणि मग मेकॅनिकला दाखवायला काही उरतच नाही.

फिरतंय पण पेटत नाही, हे जास्त वेळा होतं. गाडी पळत असते तोवर पंखा चालू, पाणी फिरतंय, टाकीतून थंड पेट्रोल येतंय, बंद केली की हे सगळं एकदम थांबतं आणि इंजिनाची धग सरळ वर कार्ब्युरेटरकडे जाते, म्हणजे बॉनेटखाली खरी भट्टी बंद केल्यानंतर पेटते. त्यात बऱ्याच व्ही-८ मध्ये थंडीत सोय म्हणून एक्झॉस्टची गरम वाट कार्ब्युरेटरच्या खालूनच काढलेली असते. आणि पेट्रोलातले हलके घटक ४० अंशांच्या आसपासच उडायला लागतात, मिसळलेलं इथेनॉल ७८ अंशांना उकळतं.

तर एअर क्लीनर काढा, टॉर्च घ्या, हाताने थ्रॉटल (पेडलने उघडते ती झडप) एकदा पूर्ण उघडा, आत पेट्रोलची धार पडायला हवी. (कोणी स्टार्टर मारत असताना आत डोकावू नका, भुवया जातील.) आत आधीच पेट्रोल थेंबथेंब गळताना दिसलं तर ते उकळून मॅनिफोल्डमध्ये (कार्ब्युरेटरखालच्या नळ्यांत) उतरलंय, गाडी ओव्हर झालीय, म्हणजे पेट्रोल जास्त झालंय. पेडल तळाला दाबून धरा, पंप न करता, आणि स्टार्टर मारा. धारच आली नाही तर कार्ब्युरेटरची पेट्रोलची वाटी रिकामी आहे, बहुतेक पंपात किंवा पाइपात वाफ अडकलीय. आपल्याकडे घाटात लोक पेट्रोल खेचणाऱ्या 'एसी' पंपावर ओलं फडकं टाकायचे ना, तेच करून बघा, गाडी चालू झाली तर निदानही झालं. धार छान, गळती नाही, तरी पेटत नाही? मग स्पार्क बघा, स्पार्क देणारी कॉइल गरम झाली की पण दगा देते.

कायमचा इलाज म्हणाल तर कार्ब्युरेटरखाली फिनॉलिक स्पेसर, म्हणजे उष्णता अडवणारी जाड चकती (आधी बॉनेट लागतंय का ते मोजा), जास्तीचं पेट्रोल टाकीकडे परत नेणारी रिटर्न लाइन, आणि पेट्रोलचा पाइप एक्झॉस्टपासून लांब.

आता मरगळलेला स्टार्टर. तो एक्झॉस्टला चिकटून बसलेला असतो आणि त्याच्या तारांचं तांबं १०० अंशांनी तापलं की त्याचा रेझिस्टन्स जवळजवळ ४० टक्क्यांनी वाढतो. पण लगेच स्टार्टरला दोष देऊ नका. इग्निशनची वायर काढून फिरवून बघा, मोकळा फिरला तर टायमिंग जास्त पुढे आहे, स्पार्क लवकर पडून पिस्टनला उलटा धक्का देतोय.

मी हे काहीच न करता दोन स्टार्टर बदलले. तिसरा घ्यायला निघालो तेव्हा बायको म्हणाली, आधी तो मीटर तरी लावून बघ, घेतलायस ना. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या ब्लॉकला, आणि तिने चावी मारली. ०.२ व्होल्टच्या आसपास दिसायला हवं, दिसलं ०.९, म्हणजे अर्थच्या वाटेत अडथळा. थंड असताना कसंबसं निभत होतं, तापल्यावर तेवढंही नाही. अर्थची केबल काढली तर खाली चकचकीत केशरी रंग. इंजिन बांधताना ब्लॉकला तो मीच लावला होता, हौसेने, दोन हात.