आलोच!

दिवसातून निदान दहा वेळा मी ‘आलोच!’ म्हणतो आणि त्यातल्या नऊ वेळा जागचा हलत नाही. गंमत म्हणजे क्रियापद भूतकाळी. येणं होऊन गेलंय, आता कशाला हाका मारताय, असा एकूण थाट. लगेच घडणारी गोष्ट घडून गेल्यासारखी सांगायची ही मुभा मराठी व्याकरणानेच दिली आहे. ती इतकी ताणायची, हे मात्र माझं स्वतःचं योगदान.

नीट ऐकलं तर आपल्या सगळ्याच मोठ्या भावना ही मुभा वापरतात. पायऱ्यांवर नुसता तोल जातो, अजून पडलेलोही नसतो, तोवर तोंडातून निघतं, ‘मेलो!’ महत्त्वाकांक्षेचा आवडता शब्द ‘झालंच’. एवढं एक काम झालंच, की मग निवांत. माझं गेली कित्येक वर्षं होतच आलंय.

प्रेमाची तऱ्हा आणखी वेगळी. परवा रात्री बायकोचा निरोप आला, ‘निघालेच’. नेहमीचा वेळ उलटला. फोन लावला, तर बंद. पहिली पाच मिनिटं मी शहाण्यासारखा वागलो. सहाव्या मिनिटाला खिडकीशी. दहाव्या मिनिटापर्यंत माझ्या मनात तिचा अपघात होऊन, दवाखान्यात धावपळ होऊन, नातेवाइकांना कळवायचं कसं इथपर्यंत मजल गेली होती. मग जिन्यात पावलं वाजली. दारात ती एका हाताने भिंत धरून चपलेचा पट्टा सोडवत होती. जीव भांड्यात पडायला हवा होता. पण मी काय बोललो? ‘एक फोन करता येत नाही?’ अकरा मिनिटांचा उशीर! ज्याच्यावर जीव नाही त्याच्यासाठी कोण असं घड्याळ बघत बसतं? पण भीती पोटातून ओठांवर येईपर्यंत तिचा राग होतो. हे मला कळतं, पण नेहमी दहा मिनिटं उशिरा.

मन जागेवर नसणं ही एकट्या माझी खोड नाही, एवढाच दिलासा. २०१० साली किलिंग्सवर्थ आणि गिल्बर्ट या हार्वर्डच्या दोन मानसशास्त्रज्ञांनी सव्वादोन हजार लोकांना फोनवरून अवेळी गाठून विचारलं, की आत्ता काय करताय आणि मन कुठे आहे? जवळजवळ ४७ टक्के वेळा मन भलतीकडेच होतं. भलतीकडे गेलेली माणसं तुलनेने कमी सुखात होती, असंही त्यांना आढळलं. अर्थात, हातातलं सोडून फोनवर ‘मन कुठे आहे’ याचं उत्तर देणाऱ्याचं मन तेव्हा नक्की कुठे धरायचं, हा माझा आगाऊ प्रश्न.

वर्तमानात जगा, असं सांगणाऱ्यांशी माझं भांडण आहे ते इथेच. उद्याचा विचारच नको म्हटलं, तर वाट तरी कोणाची बघायची? ती भीती नको असेल, तर तो जीव लावणंही सोडावं लागेल. तो सौदा मला परवडणारा नाही. ‘झालंच’चं मात्र मला काही समर्थन करता येत नाही.

काल दुपारी मुलगी ठोकळ्यांचा मनोरा रचत होती. ‘बाबा, शेवटचा लावायचाय, बघायला ये.’ ‘आलोच!’ माझं एक वाक्य अडलं होतं. ते सुटलं, मग त्याच्या पुढचं अडलं. बऱ्याच वेळाने मान वळवली, तर ती तशीच उभी. चवड्यांवर, एका हाताने फ्रॉक आवरून धरलेला, दुसऱ्या हातात लाल ठोकळा मनोऱ्यावर वीतभर अधांतरी. हात थरथरत होता. मनोरा नव्हे, हात. मी उठून तिच्याजवळ जमिनीवर बसलो.

‘लाव,’ म्हटलं.

‘थांब ना,’ ती म्हणाली. ‘हात दुखला. लावलाच!’

आणि ठोकळा खाली ठेवून हात झटकत बसली.