डिगॉक्सिन ३.१

रिपोर्ट ३.१ आला. डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध; हार्ट फेल्युअरच्या पेशंटला रक्तात त्याची पातळी मिलिलिटरला ०.५ ते ०.९ नॅनोग्रॅम पुरते. नाशिकच्या मुंबई नाक्याजवळच्या आमच्या लॅबमधून असा आकडा गेला की वरच्या मजल्यावर धावपळ ठरलेली. रिपोर्ट सोडण्याआधी मी बाहेर बसलेल्या नातवाला विचारलं, "आजोबांनी गोळी कधी घेतली?"

"आठला. आणि नऊला इथं रक्त दिलं."

घ्या! गोळीनंतर निदान सहा तास जावे लागतात. तोवर औषध रक्तातून हृदयाच्या स्नायूत नीट उतरलेलंच नसतं, आकडा फुगून येतो. फॉर्मवर वेळेचा रकाना आहे. तो भरणारा माणूस मला अजून भेटायचाय.

पण आजोबांना मळमळ खरीच होती. निफाडची बाग, मे महिन्याचं ऊन, त्यात जुलाब आणि लघवी वाढवणारी गोळी चालूच; दोन्हींत पोटॅशियम वाहून जातं. डॉक्टरांना फोन करून त्याच नमुन्यावर पोटॅशियम लावलं. २.८! पोटॅशियम उतरलं की बेताचं डिगॉक्सिनही हृदयाला बाधतं. ईसीजीत जादा ठोके दिसलेच. आजोबा ॲडमिट झाले, सलाइनमधून पोटॅशियम सुरू झालं, दुसरा नमुना दुपारी तीनचा ठरला.

नातू इंजिनिअरिंगचा. शुभांशु शुक्ला स्पेस स्टेशनवर जाऊन आल्यापासून या पोरांना दुसरं काही सुचत नाही. "सर, असं वर अंतराळात झालं तर?"

झालंय की, म्हटलं. १९७१, अपोलो १५ ची चांद्रमोहीम. अंतराळवीर जेम्स आयर्विनचे ठोके चुकताना ह्यूस्टनच्या कंट्रोल रूमला ईसीजीवर दिसले, आणि डॉक्टरांनी बोट ठेवलं ते पोटॅशियमवरच. अपोलो १६ च्या जेवणात मग पोटॅशियम वाढवलं, औषधपेटीत हृदयाची औषधं गेली.

"आणि तिथं औषधाची लेव्हल कशी बघतात?"

तिथंच तर अडतं. वजन नसलं की अंगातलं पाणी डोक्याकडे सरकतं, रक्तातला प्लाझ्मा घटतो. जमिनीवरचा औषधाच्या डोसचा हिशेब तसाच लागू पडेल याची खात्री नाही. स्टेशनवर संशोधनासाठी काढलेलं रक्त बहुतेकदा गोठवून ठेवतात आणि खाली आल्यावर तपासतात. त्याआधी नासाच्या शटल यानात पॅरासिटामॉल रक्ताऐवजी लाळेतून मोजून पाहिलं होतं.

"मग आजोबांना सुई कशाला?"

"डिगॉक्सिनला लाळेचा भरवसा नाही, बाळा."

तीनच्या नमुन्यात डिगॉक्सिन १.४ आलं. डॉक्टरांनी गोळी बंद ठेवली आणि सकाळी पुन्हा पोटॅशियम सांगितलं. त्या फॉर्मवर वेळ लिहिलेली होती, अक्षर नातवाचं.