तुम्ही विचारलंत म्हणून : घरचं बंद घड्याळ उघडून बघू का?

"ताई, वडिलांचं एक चावीचं घड्याळ कपाटात पडलंय. बंद आहे. मी स्वतःच उघडून बघू का?"

हा प्रश्न मला पंगतीत वाढताना विचारला गेलाय, आमच्या कोल्हापुरात रंकाळ्यावर फिरताना विचारला गेलाय आणि एकदा तर दाताच्या डॉक्टरांनी, माझं तोंड त्यांच्या ताब्यात असताना विचारलाय. प्रत्येकाला मी एकच उत्तर देते आणि ते ऐकून प्रत्येकाचा चेहरा पडतो. उघडा की. पण ते नको. चालू असलेलं उघडा.

"चालू घड्याळ कशाला उघडायचं?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. त्याचं उत्तर उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून इथं सविस्तर लिहिते.

मी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत एका कारखान्यात तपासणी खात्यात आहे. दिवसभर हातात मायक्रोमीटर. एका शंभरांश मिलिमीटरवरून लोकांशी भांडायचा मला पगार मिळतो. आबा, म्हणजे माझे वडील, उद्यमनगरात टर्नर होते, लेथवर आयुष्य गेलं. म्हणजे यंत्राची भीती आमच्या घरात कुणालाच नाही. घोळ नेमका तिथंच झाला.

आबांचं घड्याळ एचएमटी जनता. आईच्या माहेरून लग्नात आलेलं. बंगळुरूचा हा घड्याळांचा कारखाना 1961 मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्यानं उभा राहिला आणि 2016 मध्ये केंद्र सरकारनं एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायचं ठरवलं. मधल्या काळात जावयाच्या मनगटावर एचएमटी हे समीकरणच होतं. सतरा खड्यांचं मशीन, रोज सकाळी चावी द्यायची. खडे म्हणजे कृत्रिम माणकं. चाकांची टोकं त्यांच्यात फिरतात म्हणून फारशी झिजत नाहीत.

तर हे घड्याळ बंद पडलं. चावी पूर्ण भरायची, हलवलं की पाचेक मिनिटं चालायचं, परत ठप्प. घरी आलेल्या प्रत्येकानं निदान केलं, "चावी जास्त दिली असणार, म्हणून अडकलं." हा आपल्याकडचा फार जुना समज. चावी शेवटपर्यंत भरल्यानं चांगलं घड्याळ अडकत नाही. आतलं तेल सुकून चिकट झालं की फनर, म्हणजे चावीनं गुंडाळली जाणारी मुख्य स्प्रिंग, पूर्ण भरलेली असूनही चाकं ओढायला ताकद पुरत नाही. घड्याळ 'भरलेलं आणि बंद' दिसतं आणि दोष चावी देणाऱ्याच्या बोटांवर जातो. याच्या उलट, चावी कितीही दिली तरी घट्टपणा येतच नसेल, तर बहुतेक वेळा फनर तुटलेली असते. एवढं निदान झाकण न उघडता कुणालाही करता येतं.

मला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. रविवार होता. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, मोबाइल उघडायचा स्क्रूड्रायव्हरचा सेट घेतला आणि मागचं झाकण बटाट्याच्या सुरीनं उचकटलं. आबा समोर चहा घेत बसलेले. "बघ हां," एवढंच म्हणाले.

आत बघितलं आणि जीव हरखला. आपल्या कारखान्यात जे जे असतं ते सगळं तिथं होतं, फक्त नखाएवढ्या जागेत. दात्यांची चाकं, ब्रिज, बेअरिंग, आटे. आटे! ज्या स्क्रूला आटे आहेत तो सुटणार, हा माझा आयुष्यभराचा विश्वास. मी लिव्हरच्या ब्रिजचे, म्हणजे त्याला वरून धरणाऱ्या पट्टीचे, स्क्रू सोडले, ब्रिज उचलला आणि भिर्रर्र असा आवाज झाला. सेकंदभर, दोन सेकंद. मग शांत.

झालं होतं असं. फनरमध्ये दिवसभराची ताकद भरलेली असते. ती एकदम सुटू नये, थेंबाथेंबानं सुटावी म्हणून बॅलन्स, म्हणजे झुलणारं चाक, आणि लिव्हर असतात. या मशीनमध्ये ताशी 18,000 ठोके, म्हणजे सेकंदाला पाच. लिव्हर प्रत्येक ठोक्याला चाकाचा अर्धा दाता सोडतो आणि परत अडवतो. मी हा अडवणाराच काढून टाकला. दिवसभराची ताकद दोन सेकंदांत निघून गेली. दाते मोडले नाहीत हे आबांचं नशीब. काहीही सोडायच्या आधी फनर उतरवायची असते. तिच्या दातेरी चाकाला अडवून धरणारी एक खिट्टी असते, ती काडीनं बाजूला धरून चावी बोटांत सावकाश उलटी फिरू द्यायची. लेथला हात लावायच्या आधी मेन स्विच बंद करायचा, हे मला आबांनी मी दहावीत असताना शिकवलं होतं. इथं मेन स्विच कुठं आहे हे मी विचारलंच नाही.

त्या आवाजानं हात हलला आणि चिमट्यातला स्क्रू उडाला. 'पडला' नाही, 'उडाला'. चिमट्यात जोरात धरलेली बारीक वस्तू चिंचोक्यासारखी निसटते, ती खाली शोधायची नसते, खोलीभर शोधायची असते. आम्ही दोघांनी गुडघ्यांवर बसून फरशी झाडली. मग मला अक्कल सुचली. कारखान्यातलं एक जुनं मॅग्नेटिक स्टँड घरी पडलं होतं, डायल गेज लावायचं. त्याचं चुंबक दणकट. त्यानं सगळी फरशी फिरवून काढली. मिळालं काय, तर दोन टाचण्या, एक रुपयाचं नाणं आणि आईची हरवलेली सुई. स्क्रू नाहीच. मग ते स्टँड मी टेबलावर ठेवलं. बॅलन्सच्या शेजारी.

आबांची गोळ्यांची आठवड्याची डबी असते ना, सोमवार ते रविवार कप्प्यांची, तिच्यात सगळे भाग घालून मी पापाची तिकटीजवळ बसणाऱ्या एका वयस्क घड्याळजींकडे गेले. त्यांनी आयग्लास डोळ्याला लावला, मंगळवार उघडला, गुरुवार उघडला आणि मान वर न करता विचारलं, "फनर उतरवली होतीस?"

मी गप्प.

"व्हय," तेच म्हणाले. "सगळी असंच करत्यात."

त्यांनी मशीन धुतलं, तेल घातलं, त्यांच्या डब्यातला एक स्क्रू लावला आणि घड्याळ सुरू झालं. चार दिवसांनी आबा सांगलीला निघाले होते. एसटी स्टँडवरून फोन आला, "आगं, आयुष्यात पयल्यांदाच मी गाडीच्या आधी पोचलोय. तुझं घड्याळ पळतंय!" दिवसाला वीस मिनिटं पुढं.

परत तिकटी. घड्याळजी काकांनी घड्याळ होकायंत्राजवळ नेलं. सुई वळली. "लोहचुंबक कुठं लावलंस, बाई?" बॅलन्सला जी केसासारखी बारीक हेअरस्प्रिंग असते तिच्यात चुंबकत्व भरलं की वेढे एकमेकांना चिकटतात. स्प्रिंग जणू आखूड होते, आणि आखूड स्प्रिंगचा झोका भराभर होतो. म्हणून घड्याळ पळतं. यावरचा उपाय मात्र माझ्याच कारखान्यात होता. ग्राइंडिंग झालेल्या जॉबमधलं, म्हणजे यंत्रावर घडवलेल्या भागातलं, चुंबकत्व काढायचं यंत्र. त्याच्यावरून घड्याळ सावकाश नेलं, तसंच हळूहळू लांब घेतलं, सुई स्थिर. संपूर्ण प्रकरणात मी बरोबर केलेली एकमेव गोष्ट.

तेव्हा काकांनी जे सांगितलं तेच मी तुम्हाला सांगतेय. "शिकायचं तर चालतं घड्याळ घे. उघड, जोड. चाललं तर तू बरोबर. नाही चाललं तर चूक तुझीच, शोध. बंद घड्याळात तुला काय कळणार, आधीचा बिघाड कुठला आणि तू केलेला कुठला?"

मला लाज वाटली, कारण हे मला माहीत होतं. कारखान्यात मी स्लिप गेजवर मायक्रोमीटर तपासल्याशिवाय जॉब मोजत नाही. आधी माप माहीत असलेल्या वस्तूवर हत्यार तपासायचं, मग अनोळखी वस्तू. घरी आल्यावर मात्र मी बिनतपासलेलं हत्यार, म्हणजे माझे हात, थेट आबांच्या घड्याळावर चालवले होते.

मग मी एक साधं, चालू, चावीचं पुरुषी घड्याळ घेतलं. लेडीज घड्याळ नको, भाग फार लहान. जुनं आहे पण तबकडी कोरी करकरीत रंगीबेरंगी आहे, असलंही नको. तसली बरीचशी इकडचं तिकडचं जोडून केलेली असतात. टेबलाच्या अलार्मच्या घड्याळापासून सुरुवात करा असं काहीजण सांगतात. त्याची फनर उघडी आणि दांडगी असते, सुटली तर बोट फाडते. मी सुचवणार नाही.

हत्यारं गुजरीत, सराफांच्या पेठेत, मिळाली. सोनारांना लागणारा बारीक चिमटा, आयग्लास, हवेचा रबरी फुगा. स्क्रूड्रायव्हरवर मात्र पैसे वाचवू नका, पातं स्क्रूच्या खाचेत पूर्ण बसलं पाहिजे, नाहीतर घसरून मशीनवर ओरखडा ठरलेला. उघड्या बोटांनी भागांना हात लावायचा नाही. आपल्याकडच्या जुलैच्या दमटपणात घामाचा ठसा महिनाभरात गंज होऊन उमटतो. मेडिकलमधले रबरी हातमोजे आणून मी बोटं तेवढी कापून घेतली. ओढणीचं एक टोक टेबलाला चिकटवायचं, दुसरं कमरेत खोवायचं, म्हणजे पडेल ते झोळीत. आणि स्प्रिंग निघायची वेळ आली की हात, चिमटा, घड्याळ, सगळं पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घालून काम करायचं. बघणाऱ्याला वेड लागल्यासारखं दिसतं. दिसू दे.

तेलाचं एक सांगते, कारण खोबरेल आणि शिलाई मशीनचं तेल हे दोन्ही लोकांनी मला अभिमानानं सांगितलंय. दोन्ही नकोत. घड्याळाचं तेल वेगळं मिळतं, आणि तेही सुईच्या टोकावर मावेल त्याच्याहून कमी लागतं. लिव्हर ज्या टोकांवर झुलतो त्यांना तर तेल घालतच नाहीत. जास्त तेल पसरतं, धूळ धरतं आणि हेअरस्प्रिंगवर चढलं तर परत वीस मिनिटं पुढं.

पहिल्यांदा जोडलं तेव्हा ते चाललं नाही. दुसऱ्यांदा नाही. बॅलन्सचं टोक साधारण एक दशांश मिलिमीटर जाडीचं असतं. मी रोज याच्या दहापट बारीक मापं मोजते, पण मोजणं वेगळं आणि ते टोक आंधळेपणानं खड्याच्या भोकात उतरवणं वेगळं. ब्रिज दाबायचा नसतो, नुसता ठेवायचा आणि चिमट्याच्या टोकानं चाक जरासं हलवत बसायचं, ते आपणहून घरात बसेपर्यंत. आमच्या धंद्यात बसत नसेल तर प्लास्टिकचा हातोडा असतो. सहाव्या रविवारी ते बसलं आणि बॅलन्स झुलायला लागला. आईला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "आधी पण चालतच होतं की."

सेलच्या घड्याळाबद्दल विचारत असाल तर सेल जरूर घरी बदला. जुन्या सेलवरचा नंबर बघून तोच आणा आणि तांब्याच्या तारेच्या गुंडाळीला स्क्रूड्रायव्हर लागू देऊ नका. तार केसाहून बारीक असते, एक ओरखडा म्हणजे मशीनच बदलायचं.

आबांचं घड्याळ आता मीच बघते. दिवसाला मिनिटभर मागं पडतं. कागदावर हा हिशेब 100 मिलिमीटरच्या जॉबवर 7 शंभरांशाचा फरक असा येतो, आणि माझ्या खात्यात तो जॉब मी परत पाठवला असता. दोनदा म्हटलं, आणा, लावून देते. आबा देत नाहीत. सकाळी टीव्हीच्या बातम्यांवर काटा सरकवतात, चावी देतात, कानाला लावून ऐकतात. मग मला तो दुसरा प्रश्न विचारतात, जो फक्त तेच विचारतात.

"त्यो इस्क्रू घावला काय गं?"

अजून नाही घावला.