शिकोकूची पायी परिक्रमा : डांबर, घड्याळ आणि मुक्काम

जपानच्या शिकोकू बेटाचा नकाशा हातात आला की बहुतेक जण १,२०० ला ३० ने भागतात. ८८ मंदिरं, १,२०० किलोमीटर, रोज ३० चाललं की ४० दिवसांत काम फत्ते. हिशोब कागदावर चोख आहे. पण तिथला दिवस ठरतो तो मंदिरात वहीवर शिक्का देणाऱ्या खिडकीच्या वेळेवर आणि रात्री गादी कुठे मिळणार यावर. किलोमीटर त्यानंतर येतात.

ही परिक्रमा शिंगोन या बौद्ध पंथाचे संस्थापक कुकाई, म्हणजेच कोबो दाइशी (इ.स. ७७४ ते ८३५), यांच्या नावाने चालते. तोकुशिमा, कोची, एहिमे आणि कागावा अशा चार प्रांतांतून बेटाला वळसा पडतो. सुरुवात कुठूनही केलेली चालते, पण पहिल्यांदा जाणाऱ्याने नारुतो गावातल्या १ नंबरच्या र्योझेनजीपासूनच निघावं. खुणा त्याच दिशेने लावलेल्या आहेत. उलट फिरणाऱ्याला प्रत्येक फाट्यावर मान वळवून पाठीमागची खूण शोधावी लागते.

आधी शिक्क्याबद्दल. प्रत्येक मंदिरात वहीच्या पानावर लाल शिक्के आणि वर ब्रशाने अक्षरं काढून देतात. एप्रिल २०२४ पासून त्याचे ५०० येन झाले, पूर्वी ३०० होते. ८८ मंदिरांचे ४४,००० येन नुसते याचेच धरा. त्याच वेळी खिडकीची वेळही बदलली. पूर्वी सकाळी ७ ला उघडायची, आता ८ ते ५. जुन्या वर्णनांत अजून ७ लिहिलेलं सापडतं, त्यावर विसंबून आखणी करू नका. मंदिराला खेटून मुक्काम केला तर आठपर्यंत हात चोळत बसावं लागतं आणि चालायची सगळ्यात चांगली वेळ वाया जाते. त्यापेक्षा मंदिराच्या सहा-सात किलोमीटर अलीकडे झोपावं, सहाला निघावं, आठच्या सुमारास दारात हजर.

एका मंदिराला अर्धा-पाऊण तास सहज जातो. दारात नमस्कार, हात-तोंड धुणं, घंटा (परवानगी असेल तिथेच, आणि दर्शन झाल्यावर परत जाताना अजिबात नाही). मग मुख्य मंडपात मेणबत्ती, तीन उदबत्त्या, नावाची चिठ्ठी, नाणं आणि हृदयसूत्र या छोट्या बौद्ध सूत्राचा पाठ. हेच सगळं पुन्हा दाइशींच्या मंडपात. शिक्का त्यानंतर. मेणबत्ती वरच्या, आतल्या खाचेत लावायची आणि उदबत्ती राखेच्या मधोमध खोचायची, म्हणजे मागून येणाऱ्याचा हात पोळत नाही. दुसऱ्याच्या ज्योतीवरून आपली पेटवायची नाही. त्याचं कर्म आपल्या गळ्यात पडतं म्हणतात. काडेपेटी वाऱ्यात दगा देते, लायटर ठेवा. पावणेपाचला धापा टाकत पोचलात तर आधी शिक्का घ्या, मग पूजा करा. रीत उलटी होते खरी, पण खिडकी पाचला बंद होते.

नावाच्या चिठ्ठ्या प्रत्येक मंदिरात दोन, म्हणजे १७६ लागतात. शिवाय वाटेत कुणी संत्री, चहा, क्वचित पैसेही हातावर ठेवतं; त्याला ओसेत्ताई म्हणतात. ते नाकारायचं नसतं आणि देणाऱ्याला एक चिठ्ठी द्यायची असते. दोनशे तरी घ्याच. पहिल्या चार फेऱ्यांना रंग पांढरा, शंभर फेऱ्या झालेल्याला जरीची. रोज रात्री दुसऱ्या दिवसापुरत्या भरून ठेवाव्यात. पूर्ण पत्ता लिहायची गरज नाही, गाव आणि देश पुरे.

आता पहिले तीन दिवस, कारण बरेच जण इथेच मोडतात. १ ते १० ही मंदिरं योशिनो नदीच्या खोऱ्यात सपाटीवर, पंचवीसेक किलोमीटरमध्ये आहेत. एका दिवसात उरकण्याचा मोह होतो. पण दहा मंदिरांचे अर्धे-पाऊण तास जोडून बघा, पाच ते साडेसात तास देवळांतच जातात. पहिला मुक्काम ६ नंबरच्या अनराकुजीच्या आसपास करावा. मंदिरातच राहायची सोय आहे आणि आंघोळीला गरम झऱ्याचं पाणी. दुसऱ्या दिवशी १० नंबरच्या किरिहाताजीच्या ३३३ पायऱ्या, मग नदी ओलांडून ११ नंबरचं फुजिइदेरा. रात्री तिथेच खाली कामोजिमात.

तिसऱ्या दिवशी १२ नंबरचं शोसानजी. अंतर जेमतेम १३ किलोमीटर, पण पाच ते आठ तास लागतात. खरी मेख अशी की चढ एकदाच नाही. साधारण ७४५ मीटरवर एका प्रचंड सुगी (जपानी देवदार) वृक्षाखाली दाइशींची मूर्ती दिसते आणि माणसाला वाटतं, पोचलो. तिथून वाट ४०० मीटरपर्यंत खाली वस्तीत उतरते आणि पुन्हा ७०० ला चढते. गुडघे जातात ते या उतारावर. पाऊस झाला असेल तर दगड आणि मुळं बुळबुळीत असतात, म्हणून पावलं आखूड टाका आणि काठी पुढे रोवा. वाटेत दुकान नाही. दीड-दोन लिटर पाणी आणि दुपारचं खाणं आदल्या संध्याकाळीच घेऊन ठेवावं.

असे डोंगर मोजकेच. बाकी परिक्रमेचा मोठा भाग डांबरावरून जातो आणि पायांची वाट लावतो तो हाच भाग. कडक चामड्याचे घोट्यापर्यंतचे बूट इथे शिक्षा आहेत. मऊ तळव्याचे, अर्धा ते एक नंबर मोठे बूट घ्या, कारण आठवडाभरात पाय सुजतो. दुपारी बूट काढून मोजे बदला. कातडी गरम लागली की तिथेच थांबून टेप लावा; पुढच्या मंदिरात बघू म्हटलं की फोड आलाच. पाठीवर सात-आठ किलोच्या वर ओझं नको. लाकडी काठीचं टोक झिजून केसाळ होतं. ते चाकूने कापत नाहीत, दगडावर घासतात. पुलावर काठी टेकवायची नाही, खाली दाइशी झोपलेत अशी समजूत आहे. मुक्कामी पोचल्यावर आधी काठीचं टोक धुवायचं, मग आपले पाय.

कोचीत माणूस खचतो तो कंटाळ्याने. २३ ते २४ नंबरचं मंदिर सुमारे ७५ किलोमीटर, ३७ ते ३८ तर ८० च्या आसपास. डावीकडे समुद्र, उजवीकडे ट्रक. बोगद्यांत पदपथ कधी हातभर असतो, कधी नसतोच. परावर्तक पट्टा आणि मागे लाल दिवा हवाच. ३२ आणि ३३ च्या मध्ये तानेझाकीहून फुकट बोट सुटते, पाच मिनिटांत पलीकडे. ती साधारण तासाला एक, चुकली तर तास गेला.

मुक्काम एक-दोन दिवस आधी फोन करून ठरवावा. मिन्शुकूत, म्हणजे घरगुती खानावळीवजा मुक्कामात, दोन जेवणांसह ८ ते १० हजार येन, बहुधा रोखच. पाचच्या आत पोचा, आंघोळ करा, सहाला जेवण. यायचं रद्द झालं तर कळवायलाच हवं, कारण मालकीणबाईंनी तुमच्यासाठी मासे आणलेले असतात. शाकाहाऱ्यांची तर पंचाईतच: सूपात माशांचा अर्क, कागावाच्या उदोनच्या (जाड शेवयांच्या) रस्स्यात सुकी मासळी, मंदिरातल्या जेवणातही बरेचदा मासे. पक्के शाकाहारी असाल तर जेवणाशिवायची खोली घ्या आणि दुकानातून भात, तोफू, केळी आणा. उमेबोशीचा ओनिगिरीसुद्धा (आत खारवलेलं आंबट फळ घातलेला भाताचा गोळा) लेबल वाचूनच घ्या.

मार्च ते मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर गाठा. एप्रिलअखेरीपासून आठवडाभर सुट्ट्यांमुळे खोल्या मिळत नाहीत. जूनमध्ये पाऊस, नंतर उकाडा आणि वादळं.

शेवटाला, ८७ आणि ८८ च्या मध्ये माएयामाला यात्रेकरूंचं केंद्र लागतं. पायी आलेल्यांना तिथे प्रमाणपत्र मिळतं. तिथून न्योताइ डोंगरावरून जाणाऱ्या वाटेत माथ्याजवळ हाताने धरून चढायचे कातळ आहेत. पाऊस असेल तर ती सोडून खालची वाट धरा. पोचायचं ८८ नंबरच्या ओकुबोजीलाच आहे. काठी तिथे ठेवून देता येते, त्याचे वेगळे पैसे लागतात.